शरीराचे पहारेकरी – लेखांक ७ : खवट कणाची ओळख

अलिबागच्या उत्तरेला नवगावच्या किनाऱ्यावर बेने इस्रायली ज्यूंची जुनी दफनभूमी आहे. जहाज फुटलं आणि आपले पूर्वज इथंच किनाऱ्याला लागले, असं या समाजाची परंपरा सांगते. पुढे ते गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले; पण शनिवारी घाणा बंद ठेवायचा शिरस्ता त्यांनी मोडला नाही. म्हणून तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडलं. केहीमकर, रोहेकर, पेणकर ही त्यांची आडनावं आजही इथल्या गावांची आठवण देतात.

तेलाच्या धंद्यात एक पारख पहिल्या दिवसापासून शिकावी लागते. तेल ताजं की खवट, हे डोळ्यांना कळत नाही. झाकण उघडलं की नाकाला कळतं. हवेतला ऑक्सिजन तेलातल्या असंपृक्त मेदाम्लांना चिकटतो, त्यांच्या साखळ्या तुटतात आणि अल्डिहाइड नावाची लहान, उग्र वासाची रसायनं तयार होतात. खवटपणा तो हाच.

आपल्या रोहिणीच्या भिंतीतही हेच घडतं, आणि ते हुंगणाऱ्या पेशीही तिथं असतात.

रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एलडीएल कण म्हणजे तेलाचा अतिसूक्ष्म बुधला. त्याचा व्यास सुमारे २२ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतले बावीस. आत कोलेस्टेरॉल-एस्टरचे दीड हजारांच्या आसपास रेणू, बाहेर फॉस्फोलिपिडचं पातळ वेष्टन, आणि त्याभोवती गुंडाळलेलं एपोबी-१०० हे एकच अवाढव्य प्रथिन. खवटपणा आवरण्यासाठी कणात ‘ई’ जीवनसत्त्वही असतं, पण किती? सरासरी सहा रेणू!

हा कण रक्तात असतो तोवर त्याला फारसा धोका नसतो. रक्तात ऑक्सिडीकरणाला अटकाव करणारे पदार्थ भरपूर असतात. तो रोहिणीच्या भिंतीत शिरला, की अडचण सुरू होते. भरती-ओहोटीच्या ओढीत डोल जाळ्यात जवळा अडकावा, तसा तो भिंतीतल्या तंतुमय जाळ्यात अडकतो. तिथं पेशींची विकरं आणि त्यांनी सोडलेली क्रियाशील ऑक्सिजन-संयुगं त्याच्यावर तुटून पडतात. ‘ई’ जीवनसत्त्वाचे ते सहा रेणू संपले, की कण खवट होऊ लागतो.

आता प्रश्न ओळखीचा. तो सुटला कसा, हे समजण्यासाठी दुसऱ्या एका किनाऱ्यावर जावं लागेल. १८८२ साली इटलीतल्या मेसिना इथं इल्या मेचनिकोव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने ताऱ्यामाशाच्या पारदर्शक अळ्यांमध्ये गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! परकं दिसेल ते गिळणाऱ्या या भक्षक पेशींच्या शोधाबद्दल त्याला १९०८ चं नोबेल पारितोषिक पॉल एर्लिख यांच्यासोबत विभागून मिळालं. आपल्या शरीरातल्या अशाच पेशींना मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षी पेशी म्हणतात.

पण काटा परका असतो. कोलेस्टेरॉल तर घरचंच. मग महाभक्षी ते का गिळतात?

अमेरिकेत डॅलसला मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन याच कोड्यावर काम करत होते. एलडीएलला पेशीत घेणारं दार, म्हणजे एलडीएल-ग्राहक, त्यांनीच शोधलं होतं. काही मुलांमध्ये हे दार जन्मतःच नसतं. त्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल बेसुमार वाढतं आणि कोवळ्या वयात हृदयविकार होतो. गंमत अशी, की दारच नसलेल्या या मुलांच्या रोहिण्यांतही महाभक्षी पेशी कोलेस्टेरॉलने तुडुंब भरलेल्या सापडत. म्हणजे पेशीला आणखी एखादं दार असलंच पाहिजे.

१९७९ साली त्यांच्या गटाने काचेच्या बशीतल्या महाभक्षींना साधं एलडीएल दिलं. पेशींनी जेमतेम घेतलं. मग तेच एलडीएल रासायनिक क्रियेने थोडं बदलून दिलं. पेशींनी अधाशासारखं गिळलं. दार सापडलं, पण ती विशिष्ट क्रिया शरीरात होते याचा पुरावा नव्हता.

कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं त्याच १९८१ साली, सॅन दिएगोतल्या डॅनियल स्टाइनबर्ग यांच्या गटाने पुढचा दुवा जोडला. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशींबरोबर ठेवलेलं एलडीएल आपोआप बदलतं आणि महाभक्षी ते भराभर गिळतात, असं दिसलं. १९८४ मध्ये कारणही कळलं. ‘ई’ जीवनसत्त्व घातलं, की बदल थांबत होता. म्हणजे बदल ऑक्सिडीकरणाचा होता. या कामात संपत पार्थसारथी हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञही होते.

महाभक्षीला खवटपणा कळतो तो दोन खुणांवरून. एपोबी प्रथिनावर लायसिन या अमिनो आम्लाचे धन प्रभार असतात. नेहमीचं एलडीएल-दार त्यांनाच ओळखतं. अल्डिहाइड लायसिनला चिकटले, की ते प्रभार पुसले जातात आणि कण अधिक ऋणप्रभारी होतो. नेहमीचं दार त्याला नाकारतं. सफाई करणारे ‘स्कॅव्हेंजर ग्राहक’ मात्र त्याला पकडतात. दुसरी खूण वेष्टनावर. तिथले फॉस्फोलिपिडचे रेणू ऑक्सिडीकरणाने मोडले, की त्यांची टोकं बाहेर डोकावू लागतात. ती टोकं पकडतो सीडी-३६ हा ग्राहक.

हीच टोकं मरणाऱ्या पेशींवरही उमटतात. त्या वेळीच उचलल्या गेल्या नाहीत, तर ऊतीत घाण साचेल. म्हणजे महाभक्षी इथं चुकत नाही, नेमून दिलेली सफाईच करतो. त्याहून नवलाची गोष्ट न्यूमोनियाच्या जिवाणूची. न्यूमोकॉकसच्या भिंतीवर फॉस्फोकोलिन असतं, आणि खवट एलडीएलवर उघड्या पडलेल्या फॉस्फोकोलिनशी त्याचं इतकं साम्य, की एकच प्रतिपिंड दोघांना चिकटतं. २००३ मध्ये उंदरांना या जिवाणूची लस टोचल्यावर त्यांच्या रोहिण्यांतला मेदाचा थर कमी वाढला. अर्थात, ही गोष्ट उंदरांची.

मग बिघडतं कुठं? नेहमीच्या एलडीएल-दाराला कडी आहे. पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसं झालं, की दारं कमी होतात. स्कॅव्हेंजर दाराला ती नाही. उलट खवट एलडीएल गिळल्यावर सीडी-३६ ची दारं वाढतात! खाऊन खाऊन पेशी मेदाच्या थेंबांनी भरते आणि सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसते. म्हणून तिला फेनपेशी म्हणतात. आत कोलेस्टेरॉलचे स्फटिक बनले, की पेशीतली धोक्याची घंटा वाजते आणि दाह पेटतो, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. अशा पेशी तिथंच मरतात, आणि भिंतीतला थर जाड होत जातो.

यावर सोपा उपाय म्हणून ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन पाहिल्या गेल्या. साडेनऊ हजार रुग्णांवरच्या ‘होप’ चाचणीचा निकाल २००० साली आला: हृदयविकारात काही फरक नाही. २०१७ च्या ‘कॅन्टोस’ चाचणीत दहा हजारांवर रुग्णांपैकी काहींना दाह रोखणारं कॅनाकिनुमॅब दिलं. एलडीएल जराही न उतरता, १५० मिलिग्रॅमच्या मात्रेला हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले; मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. पहारेकरी झोपवला, की चोरही आत येतात.

वाचकांच्या मनात तळणीच्या कढईचा प्रश्न आला असेल. वारंवार तापवलेल्या तेलात हेच रसायन घडतं. भारतात १ जुलै २०१८ पासून ‘एकूण ध्रुवीय संयुगं’ २५ टक्क्यांपुढे गेलेलं तेल वापरायला मनाई आहे. पण रोहिणीतला कण खवट होतो तो मुख्यतः तिथल्या तिथं, भिंतीत. नेहमीच्या लिपिड तपासणीत एलडीएल किती आहे एवढंच कळतं, किती खवट झालं ते नाही. म्हणून डॉक्टरांचा भर आजही एलडीएलचा आकडा उतरवण्यावर, तंबाखू सोडण्यावर आणि रक्तदाब आवरण्यावर असतो. कणच कमी, तर खवट व्हायला उरणार किती?

पुढच्या आठवड्यात: फेनपेशीतलं कोलेस्टेरॉल बाहेर काढणारे एचडीएल कण.