इंग्रजीत विचारलेले प्रश्न

काम ने हे दक्षिण व्हिएतनाममधलं, दानांगजवळचं खेडं. ३ ऑगस्ट १९६५ रोजी अमेरिकी मरीन तिथं शिरले आणि त्यांच्यामागोमाग सीबीएस वाहिनीचा वार्ताहर मॉर्ली सेफर. वय तेहेतीस, जन्म टोरांटोचा. सोबत व्हिएतनामी कॅमेरामन हा थुक कन. (या नावातला ‘हा’ आपलं सर्वनाम नव्हे.)

पुढची चित्रफीत आजही बघायला मिळते. एक सैनिक हात उंचावतो, झिपो लायटर पेटवतो आणि गवती छपराच्या कडेला लावतो. विडी शिलगावावी इतक्या सहज. छप्पर धडाडून पेटतं. म्हातारीकोतारी माणसं विनवण्या करतात, पण त्यांचं बोलणं सैनिकांना कळत नाही. सेफरने सांगितलेला हिशेब असा : सुमारे दीडशे घरं बेचिराख, तीन बायका जखमी, एक तान्हं मूल ठार, आणि चार कैदी. कैदी म्हणजे चार म्हातारे. त्यांना प्रश्न विचारले गेले ते इंग्रजीत. उत्तरं कुठून येणार? जळालेल्या घरांचा मरीन्सचा आकडा बराच कमी होता.

एका खड्ड्यात काही माणसं लपली होती आणि त्यात आगीचा झोत सोडायची तयारी चालली होती. सेफरने पुढे सांगितलेल्या हकिगतीप्रमाणे, कनने कॅमेरा खाली ठेवला, सैनिकांशी हुज्जत घातली आणि खड्ड्यातल्यांना त्यांच्या भाषेत समजावून बाहेर काढलं. सेफरच्या नावावर गाजलेल्या त्या बातमीतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच, आणि त्याचं चित्रण असणं शक्यच नव्हतं. चित्रण करणाराच खड्ड्याच्या तोंडाशी उभा होता!

तेव्हा चित्रण फिल्मवर होई. डबे विमानाने अमेरिकेला जायचे, फिल्म धुतली जायची, मग संकलन. ५ ऑगस्टला वॉल्टर क्रॉन्काइटच्या संध्याकाळच्या बातमीपत्रात ती दाखवली गेली. (मुंबईत दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ला, आपल्याकडे हे युद्ध वर्तमानपत्रांतून आणि रेडिओवरूनच पोहोचत होतं.) सीबीएसचे अध्यक्ष फ्रँक स्टँटन यांना राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी फोनवर शिव्या हासडल्या, असं पत्रकार डेव्हिड हॅल्बरस्टॅमने लिहून ठेवलंय. सेफर कम्युनिस्ट असावा या संशयाने त्याची कॅनडातली पाळंमुळं खणण्यात आली. हाती एवढंच लागलं, की तो कॅनेडियन आहे.

हेच परकेपण १९६७ साली कामी आलं. सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीत अमेरिकी वार्ताहरांना चीनचं दार बंद होतं. सेफर कॅनडाच्या पासपोर्टवर, पर्यटक म्हणून आत गेला आणि चित्रण घेऊन परतला.

१९७०पासून तो सीबीएसच्याच ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात रुळला आणि तिथं ४६ वर्षं टिकला. आधुनिक कलेची त्याने १९९३ साली उडवलेली खिल्ली कलावंतांना फार झोंबली. माझ्या लेखी त्याहून मोठं काम टेक्सासमधल्या लेनेल गेटरचं. या कृष्णवर्णीय अभियंत्याला एका उपाहारगृहातून ६१५ डॉलर लुटल्याच्या आरोपावरून जन्मठेप झाली होती. त्या वेळी गेटर ऑफिसात होता, असं सहकारी सांगत होते. १९८३च्या डिसेंबरात सेफरने त्या खटल्याची पिसं काढली आणि काही महिन्यांत गेटरवरचे आरोप मागे घेतले गेले. इथं दुभाष्या लागला नाही. साक्षीदार त्याच्याच भाषेत बोलत होते, फक्त त्यांचं ऐकून घ्यायला हवं होतं.

१९ मे २०१६ रोजी सेफर वारला. निवृत्ती जाहीर होऊन जेमतेम आठवडा उलटला होता.

त्याआधी, १९८९मध्ये, तो व्हिएतनामला पुन्हा गेला होता. ‘फ्लॅशबॅक्स’ हे पुस्तक त्या फेरीतून आलं. सायगावात त्याने फाम झुआन आनला गाठलं. युद्धकाळात आन ‘टाइम’ साप्ताहिकाचा वार्ताहर. विनोदी, हुशार, परदेशी पत्रकारांचा हक्काचा जाणकार. कुठल्या सेनापतीचं कोणाशी बिनसलंय, अमुक बातमीत किती दम आहे, हे त्याला विचारावं आणि मग लिहायला बसावं. युद्ध संपल्यावर कळलं, की हा गृहस्थ सगळा काळ हनोईचा, म्हणजे उत्तर व्हिएतनामचा हेर होता. सेफर त्याच्यासमोर बसला आणि इतक्या वर्षांचे प्रश्न त्याने विचारले. इंग्रजीतच. आन उत्तम इंग्रजी बोलायचा. पत्रकारिता तो कॅलिफोर्नियात शिकला होता.