मावळे पडू नयेत म्हणून: चुंबक, पत्रा आणि सोसायटीतला वसईचा किल्ला

(या आठवड्याच्या भागाचं शब्दांकन. बोलताना जे 'म्हणजे', 'अॅक्च्युअली' आले ते शक्य तितके काढलेत, सगळे निघाले नाहीत.)

विरार लोकलमध्ये उभे असाल तर आधी नीट कुठेतरी टेका, कारण आजचा विषय टेकण्याचाच आहे. आधी एक आवाज ऐका.

(टक्.)

ऐकलंत? पाच मिलिमीटर व्यासाचं, एक मिलिमीटर जाडीचं चुंबक पत्र्याला चिकटलं त्याचा आवाज आहे हा. आता हे.

(खडखड, मग काहीतरी पडल्याचा आवाज.)

आणि हा चुंबक नसलेला ट्रे मी जरासा तिरका केला. सहा सैनिक आडवे. एकाचा भाला गेला. मुद्दाम आधीच मोडलेला घेतला होता, काळजी नको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाई खेळायचा एक छंद आहे. एच. जी. वेल्स, हो, तोच विज्ञानकथांवाला, त्याने १९१३ मध्ये या खेळाच्या नियमांचं 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक काढलं. आज यातलं सगळ्यात माहितीचं नाव वॉरहॅमर. ऑफिसमधल्या एका मित्रामुळे मला हे व्यसन लागलं. यातल्या काही खेळांत सैनिक सुटे नसतात, पलटणीत उभे असतात: पाचची रांग, मागे पाच, त्यामागे पाच. वीस सैनिक एकेक करून चार इंच पुढे सरकवायचे म्हटलं तर रात्र जाईल. म्हणून त्यांना एका ट्रेमध्ये उभं करतात आणि ट्रेच सरकवतात. हा मूव्हमेंट ट्रे. चुंबक लागतं ते सैनिक त्या ट्रेमध्ये पक्के राहावेत म्हणून.

पण आज मी वॉरहॅमरवर फार बोलणार नाही. हे सगळं मला खऱ्या अर्थाने उपयोगी पडलं ते दिवाळीच्या किल्ल्यात.

आमच्या सोसायटीत, वसई पश्चिमेला, अंगणभर पेव्हर ब्लॉक आहेत. कमिटी माती टाकू देत नाही. मग पोरांनी ठरवलं की किल्ला प्लायवुडवर करायचा, पार्किंगमध्ये. आणि किल्ला कुठला? रायगड दरवर्षी होतो. भाचा म्हणाला, "मामा, आपण वसईत राहतो, तर वसईचाच करूया ना." बरोबर होतं त्याचं. तीन बाजूंना पाणी, एका बाजूने जमीन, आणि त्या जमिनीच्या बाजूने चिमाजी अप्पांची फौज. मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली, वेढा फेब्रुवारी १७३९ मध्ये पडला, आणि मे १७३९ मध्ये, सुरुंगांनी सेंट सेबास्टियन बुरुजाकडची तटबंदी उडवल्यावर, पोर्तुगीजांनी किल्ला सोडला. पोरांना सुरुंगाचा भाग फार आवडला. फटाका लावायची परवानगी मी दिली नाही.

बाजारात मावळे मिळतात, पोर्तुगीज मिळत नाहीत. मग एम-सीलच्या टोप्या करून अर्धे मावळे पोर्तुगीज केले. एकूण चोवीस. एवढ्यापर्यंत सगळं छान.

अडचण अशी की दिवाळीतसुद्धा संध्याकाळी आभाळ भरून यायचं, आणि आमचं पार्किंग उघडं. रोज रात्री अख्खं प्लायवुड उचलून वॉचमनच्या केबिनशेजारी न्यायचं, सकाळी परत बाहेर. चार पोरं, चार कोपरे, एक जण हमखास आधी उचलतो. पहिल्याच रात्री सात मावळे आडवे, दोघांच्या तलवारी गेल्या. भाच्याचा चेहरा बघवत नव्हता. मी फुशारकीने म्हणालो, थांबा, माझ्याकडे उपाय आहे.

आता उपायाचं गणित, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली.

आपण जी छोटी चकचकीत चुंबकं वापरतो ती निओडिमियमची. निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचं हे मिश्रण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी साधारण एकाच सुमारास शोधलं. पाच बाय एकचं एक चुंबक जाड लोखंडाला थेट चिकटलं तर सरळ वर ओढून काढायला साधारण पाव किलोचा जोर लागतो. नखाएवढ्या तुकड्याला पाव किलो! म्हणून सगळे खूश होतात. मीही झालो.

पण फ्रिजवरचं चुंबक आठवा. सरळ ओढलं तर निघायला त्रास देतं, बोटाने बाजूला ढकललं की सरकतं. सरकण्याला विरोध करतं ते घर्षण, आणि ते त्या ओढीच्या साधारण पाचव्या भागाएवढंच असतं. म्हणजे पाव किलोचे झाले पन्नास ग्रॅम. प्लास्टिकचा वॉरहॅमरवाला सैनिक पाच ग्रॅमच्या आसपास, त्याला पन्नास भरपूर. ट्रे भिंतीसारखा उभा धरा, पडणार नाही. आमचा चार इंची मावळा स्वयंपाकघरातल्या काट्यावर शंभर ग्रॅम भरला. एका चुंबकाने ट्रे उभा धरला तर तो घसरणारच.

दुसरी गोष्ट फट. चुंबक आणि लोखंड यांच्यामध्ये जे काही येतं, रंग, गोंद, कागद, सजावटीचं गवत, ते ओढ खातं. आणि थोडीथोडकी नाही: या आकाराच्या चुंबकाची एक मिलिमीटरच्या फटीत निम्म्याहून जास्त ओढ जाते. आपण हौसेने ट्रेवर वाळू चिकटवतो, वर हिरवा रंग मारतो, आणि मग म्हणतो चुंबक डुप्लिकेट निघालं. चुंबक बरोबर असतं, आपण त्याला लांब उभं केलेलं असतं.

तिसरी, पत्रा. हार्डवेअरच्या दुकानात जीआय पत्रा मागा, कातरीने कापता येईल असा पातळ. बिस्किटाच्या डब्याचं झाकणही चालतं. स्टीलची ताटं मात्र तपासून घ्या. चांगल्या प्रतीच्या बऱ्याच स्टीलला चुंबक चिकटतच नाही, आईच्या डब्यांवर प्रयोग केलात तर कळेल. आणि पत्रा फार पातळ असेल तर मोठ्या चुंबकाचा पूर्ण उपयोग होत नाही. पातळ पत्रा ठरावीक प्रमाणातच चुंबकीय प्रवाह पेलतो, उरलेला पलीकडे निसटतो. दोन थर चिकटवले की फरक जाणवतो.

चुंबकासमोर चुंबक का नाही लावत, असं बरेच जण विचारतात. ओढ जास्त मिळते, खरंय. पण मग प्रत्येक वेळी बाजू सांभाळायची. एक उलटं लागलं की सैनिक ट्रेवरून उडी मारून पळतो, आणि हे कळतं गोंद वाळल्यावर. मी एकदा दहाच्या दहा उलटे लावलेत. एका बाजूला पत्रा असला की ही भानगडच नाही.

आणि सगळ्यात स्वस्त युक्ती ट्रेच्या कडेची पट्टी. ट्रेच्या चारी बाजूंनी दीड-दोन मिलिमीटरची कड ठेवा. बाजूला सरकणं कड अडवते, वर उचलणं चुंबक अडवतं. म्हणजे ज्या कामात चुंबक कच्चं, ते काम त्याला द्यायचंच नाही.

आता माझं काय झालं ते. माझ्याकडे पाच बाय एकचं शंभरचं पाकीट होतं. मी प्रत्येक मावळ्याच्या तळाला चार कोपऱ्यांत चार चुंबकं फेविक्विकने चिकटवली. चोवीस चोक शहाण्णव, चार उरली. पत्र्यावर मावळे उभे केले, प्लायवुड हलवलं, एकही पडला नाही. पोरांनी माझ्या नावाने घोषणा दिल्या. खोटं नाही सांगत, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाच्याने एक मावळा उचलला. मावळा हातात आला, दोन चुंबकं पत्र्यावरच राहिली. गोंद हरला होता. फेविक्विक वाळल्यावर कडक होतं, सरळ ओढ बऱ्यापैकी सोसतं, पण झटका आणि पिळ त्याला सोसत नाही. त्यात चुंबकावरचा निकेलचा थर काचेसारखा गुळगुळीत, आणि मावळ्याचा तळ भुसभुशीत प्लास्टरचा.

मी चुंबकं गोळा करून घरी आणली, ताईच्याच घरी, आणि मोजली. मावळ्यांखालची, सुटी, पाकिटातली चार. नव्व्याण्णव.

पुन्हा मोजली. नव्व्याण्णव.

भाची दोन वर्षांची. त्या खोलीत सकाळपासून रांगत, पळत, जमिनीवरचं सगळं तोंडात घालत होती. आणि मी इंजिनिअर माणूस, मला माहीत होतं की हे बटण गिळण्यासारखं नाही. एक चुंबक पोटात गेलं तर कदाचित निघून जाईल. पण दोन गेली, किंवा एक चुंबक आणि एक लोखंडाचा तुकडा गेला, तर ती आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना पकडतात. मधली आतड्याची भिंत चिमटीत सापडते आणि तिला भोक पडू शकतं. सुरुवातीला मूल अगदी नीट दिसतं, खेळतं. म्हणून "बघूया उद्यापर्यंत" हे इथे चालत नाही, एक्स-रे लागतो. आणि हरवलेलं एकच दिसलं म्हणून गिळलेलं एकच आहे असंही धरता येत नाही, कारण माझी मोजणी आधीच बरोबर होती याची खात्री कोणाला?

ताई काही बोलली नाही. ते जास्त लागलं. तिने डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले लगेच घेऊन या. ती भाचीला उचलून चपला घालत होती. मी फोनवर होकायंत्रासारखं, चुंबकीय क्षेत्र मोजणारं अॅप लावून फरशीवरून फिरवत होतो. आपल्या फोनमध्ये तो सेन्सर असतो, चुंबक चार-पाच सेंटिमीटरवर आलं की आकडा चढतो. हे सोफ्याखाली शोधायला ठीक आहे. मुलाच्या पोटावर फोन फिरवून "नाहीये" म्हणू नका, तेवढी त्याची लायकी नाही.

आम्ही लिफ्टपाशी पोचलो तेव्हा भाचा आतून ओरडला, "मामा, कातरीला! पत्रा कापायच्या कातरीला!" पात्याच्या आतल्या बाजूला, जोडापाशी, चिकटून बसलं होतं. शंभर.

ताई तरीही डॉक्टरांकडे जाऊन आली. मी गाडी चालवली. मुलगी ठीक होती.

त्या रात्री मी रचना उलटी केली. चुंबकं ट्रेमध्ये, लोखंड मावळ्याला. पोरं हाताळतात ते मावळे, मग त्यांच्यावर चुंबकच नको. सहा मिलिमीटरच्या प्लायचे चार ट्रे केले, प्रत्येकी सहा मावळ्यांचे. वरच्या बाजूला पातळ कार्डशीट चिकटवलं. खालून दहा मिलिमीटरची आरपार भोकं, कार्डशीटपर्यंत. त्यात दहा बाय दोनची चुंबकं, म्हणजे मोठी, कार्डशीटला टेकवून अॅराल्डाइटमध्ये बसवली आणि मागचं भोक एम-सीलने बुजवलं. वरून निघणार नाही, खालून निघणार नाही. कार्डशीटची फट थोडी ओढ खाते, ते मोठ्या चुंबकाने भरून निघतं. त्या आधी चुंबकाला पॉलिश पेपर किंचितच फिरवला, गोंद धरायला. जास्त घासू नका: निकेल निघालं की आतला भाग गंजतो, आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तर फार पटकन. ग्लू गनही टाळलेली बरी. साध्या प्रतीचं निओडिमियम ऐंशी अंशांच्या वर गेलं की थोडी ताकद कायमची गमावू शकतं, आणि त्या गनमधला गोंद त्याहून बराच गरम असतो.

मावळ्यांच्या तळाला आधी वॉशर लावून पाहिले. नटबोल्टवाल्याकडे स्वस्त मिळतात. पण वॉशरला मध्ये भोक, आणि चुंबक नेमकं त्या भोकाखाली. कामच होईना. मग पत्र्याचे वीस मिलिमीटरचे चौकोन कापले, दोन-दोन थर, कडा कानशीने घासून, अॅराल्डाइटने बसवले आणि रात्रभर तसेच ठेवले. पाच मिनिटांत सुकणारं नाही, सावकाश सुकणारं घ्या.

आणि उचलताना सरळ वर नाही ओढायचं. मावळा जरा एका बाजूला कलवायचा, एक कड सुटली की तो आपोआप हातात येतो. पोरांना हे मी एकदा सांगितलं, त्यांनी एकमेकांना दहादा ऐकवलं.

भाऊबीजेच्या रात्री पाऊस आलाच. प्लायवुड उचललं, एका कोपऱ्याने नेहमीप्रमाणे घाई केली, अख्खी वसई तिरकी झाली. मराठे जागेवर, पोर्तुगीज जागेवर. सेंट सेबास्टियन बुरुज तेवढा घरंगळला. तो थर्माकोलचा होता, त्याला काही लावलंच नव्हतं. भाचा म्हणाला, "असू दे मामा, तो पडायचाच असतो."

ती छोटी शंभर चुंबकं आता घट्ट झाकणाच्या डब्यात, माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत. झाकणावर आकडा लिहिलाय, काढली की खोडून नवा लिहितो. वॉरहॅमरच्या पलटणीला वीस लागली, सध्या ऐंशी.

ट्रेची मापं आणि भोकांचा आराखडा कुणाला हवा असेल तर सांगा. पुढच्या भागात रंगांबद्दल बोलू. भेटू.