शेजाऱ्याचा सण आणि आपली शुभेच्छा

दिनांक २९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद हे दोन सण एकाच दिवशी आले. एका घरी उपवास आणि विठ्ठलनामाचा गजर, तर शेजारच्या घरी कुर्बानीचा विधी, असा तो योग होता. अशा वेळी काय करावे, याचा निर्णय राज्यातील अनेक गावांतील मुस्लिम बांधवांनी स्वतःहून घेतला. ईदची नमाज त्यांनी त्याच दिवशी अदा केली. कुर्बानी मात्र पुढे ढकलली. कुर्बानी ईदच्या दिवसापासून तिसऱ्या दिवसापर्यंत करता येते. त्यामुळे धर्माचरणात काही उणे पडले नाही आणि शेजाऱ्याच्या एकादशीचाही मान राखला गेला.

सण एकत्र का येतात?

असे योग अकस्मात येत नाहीत. त्यांच्यामागे कालगणनेचा नियम आहे. हिजरी वर्ष पूर्णपणे चांद्र असून ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. सौर वर्षापेक्षा ते सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने मुस्लिम सण दरवर्षी तितके दिवस अलीकडे सरकतात. आपल्या पंचांगातील महिनेही चांद्रच आहेत. परंतु ऋतूंशी मेळ राहावा म्हणून सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी त्यात अधिक मास धरला जातो.

दोन अधिक मासांच्या दरम्यान दोन्ही कालगणनांचे महिने बरोबरीने चालतात. म्हणूनच एकदा गाठ पडलेले सण दोन-तीन वर्षे एकमेकांच्या सोबतीने येतात. आषाढी आणि बकरी ईद २०२१ मध्ये एका दिवसाच्या अंतराने आल्या, तर २०२२ व २०२३ मध्ये एकाच दिवशी. मोहरम आणि गणेशोत्सव यांची अशीच सोबत २०१८ ते २०२० या काळात होती. अधिक मास आला की ही संगत सुटते आणि नवी जुळते. सुटलेली गाठ पुन्हा पडण्यास साधारणतः बत्तीस-तेहतीस वर्षे लागतात. याचा अर्थ असा की, गावातील जाणत्या माणसांना मागील अनुभव आठवत असतो. तरुणांना मात्र तो सांगावा लागतो.

दोन मिरवणुका, एकच रस्ता

२८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी होत्या. विसर्जनाची गर्दी ध्यानी घेऊन मुंबईतील मुस्लिम प्रतिनिधींनी मिलादचा जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरविले आणि राज्य शासनाने ईदची सुटी २९ सप्टेंबर रोजी जाहीर केली. पुढील दोन वर्षीही हे सण लागोपाठच्या दिवशी आले, तेव्हा मुंबईतील सुटी २०२४ मध्ये १८ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये ८ सप्टेंबरला देण्यात आली. या तिन्ही वर्षी शासनाने सुटीची तारीख बदलली खरी. परंतु तो बदल सुकर झाला तो परस्परांतील समजुतीमुळे.

कोणत्या दिवशी काय म्हणावे?

शेजाऱ्याचा सण केव्हा आहे हे कळणे ही पहिली पायरी होय. तो दिवस त्याच्यासाठी कसा आहे हे कळणे ही दुसरी. रमजान ईद व बकरी ईद हे आनंदाचे दिवस असून त्या दिवशी ‘ईद मुबारक’ म्हणणे उचितच आहे. मोहरमचा दहावा दिवस मात्र करबला येथे इसवी सन ६८० मध्ये इमाम हुसेन यांना आलेल्या हौतात्म्याचा स्मृतिदिन आहे. त्या दिवशी ‘मोहरमच्या शुभेच्छा’ दिल्यास हेतू चांगला असूनही ऐकणाऱ्याच्या मनाला लागते. ख्रिस्ती शेजाऱ्याच्या बाबतीत गुड फ्रायडे हा असाच शोकाचा दिवस. आनंदाच्या शुभेच्छा त्यानंतरच्या रविवारी, ईस्टरला द्याव्यात.

दसऱ्याला सोने वाटताना बौद्ध शेजाऱ्याच्या घरी तो धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे, याचे स्मरण असावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपूर येथे आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबर हा त्यांचा महापरिनिर्वाण दिन. त्या दिवशी अभिवादन करावयाचे असते, शुभेच्छा द्यावयाच्या नसतात.

जैन समाजाची संवत्सरी गणेश चतुर्थीच्या सुमारास येते. त्या दिवशी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून वर्षभरात घडलेल्या चुकांची क्षमा मागितली जाते. एका घरी मोदकांचे ताट सजलेले असते, तेव्हा शेजारी कडक उपवास चालू असतो. अशा वेळी ताट पाठविण्यापूर्वी पारणे केव्हा आहे एवढे विचारले, तरी पुरेसे असते. दिवाळीचा फराळ, ईदचा शीरखुर्मा किंवा नाताळचा केक यांची देवघेव आपल्याकडे जुनीच आहे. तिच्यात गोडी राहते ती घेणाऱ्याचे पथ्य देणाऱ्याला ठाऊक असल्यामुळे.

भिवंडीचा अनुभव

या गोष्टी वरकरणी लहान वाटतात. त्या किती मोलाच्या आहेत, हे भिवंडीने दाखवून दिले आहे. या यंत्रमागाच्या शहरात मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भीषण दंगल उसळली. १९८४ मध्ये शहर पुन्हा होरपळले. सणाची मिरवणूक आनंदाऐवजी धास्तीचे कारण होऊन बसली. पुढे १९८८ च्या सुमारास तत्कालीन पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी आणि पोलीस कर्मचारी नियमितपणे एकत्र बसू लागले. तंटा उद्भवल्यावर नव्हे, तर एरव्हीही भेटत राहावयाचे, हे या समित्यांचे वैशिष्ट्य होते. त्यामुळे ओळखी वाढल्या आणि अफवा पसरताच खरे काय ते विचारावयास हक्काचा माणूस मिळाला. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई दंगलीने पेटली असताना भिवंडी शांत राहिली.

बंदोबस्ताने मिरवणूक सुरक्षित पार पडते. परंतु मिरवणूक गेल्यानंतर गल्लीत उरतात ते शेजारीच. वर्षभर ज्याची विचारपूस केली, त्याच्याकडे सणाच्या दिवशी संशयाने पाहवत नाही. नव्या वर्षाचे पंचांग घरी येईल तेव्हा आपल्या सणांबरोबर शेजाऱ्याच्या सणांवरही खूण करावी आणि त्यातील एखाद्या दिवसाविषयी शंका असल्यास त्यालाच विचारावे. असे विचारणे हीदेखील एक शुभेच्छाच होय.