हात थरथरतो की स्टिअरिंग?

मिक्सरच्या भांड्याखालून काळपट पाणी झिरपायला लागलं, की आपण ते पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे नेतो. तो पातं दोन बोटांत धरून हलवून बघतो आणि म्हणतो, "ताई, बुश गेलाय." नवा बुश बसला की भांडं पुन्हा चटणीला तयार! फिरणाऱ्या दांड्याला जागच्या जागी धरून ठेवणारी छोटीशी कडी म्हणजे बुश. दांडा शाबूत राहावा म्हणून झिजायचं काम या बिचाऱ्याने करायचं. शिलाई मशीनमध्ये तो असतो, तसाच गाडीच्या स्टिअरिंगमध्येही असतो. मैत्रिणींनो, आज सांगायचंय ते या स्टिअरिंगमधल्या बुशाबद्दल. कारण त्याच्यामुळे आमच्या घरात एका माणसाच्या हातातली किल्ली जाणार की राहणार, असा प्रश्न उभा राहिला होता.

आम्ही इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीला राहतो. माझे सासरे, बाबा, मूळचे कोल्हापूरचे. उद्यमनगरात लेथवर हात बसला आणि साठच्या दशकाच्या अखेरीस ते इथे मोटारीच्या कारखान्यात आले. याच गावातल्या कॅनलीच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ट्रायम्फ स्पिटफायर नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार तयार व्हायची. तिचं रूप मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरचं. पुढचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं, त्यामुळे टायरवर बसून इंजिनाचं काम करता येतं. बाबांनी १९७८ची स्पिटफायर सेकंडहँड घेतली आणि आजवर जपली. वय वर्षं ८१, पण रविवारची फेरी चुकायची नाही.

गेल्या वर्षी ही फेरी डगमगायला लागली. गाडी सरळ रस्त्यावर किंचित इकडेतिकडे जायची आणि चाक बाबांच्या हातात थरथरायचं. बाबांच्या हातांना थोडा कंप आहे, डॉक्टरांना दाखवलेला आहे. मग काय, घरात निकाल लागलाच! माझे यजमान म्हणाले, "बाबा, आता पुरे. गाडी विकून टाकू." बाबा काहीच बोलले नाहीत. जेवणाचं ताट मात्र तसंच राहिलं.

इथे सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी लायसन्सचं नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी परीक्षा नसते, आपण ठीक आहोत असं स्वतःच लिहून द्यायचं. गाडी चालवण्यावर परिणाम करणारा आजार असेल तर तो कळवणं बंधनकारक. गाडीचंही तसंच. दरवर्षीची सक्तीची तपासणी, जिला इथे 'एमओटी' म्हणतात, तीतून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मुळात फारसा बदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८पासून सूट आहे. म्हणजे गाडीही म्हातारी, चालवणाराही म्हातारा आणि दोघांची जबाबदारी त्यांच्या त्यांच्यावर!

सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "अगं, ते चाक मी बाजूला बसून बघते ना, यांचा हात नसतानाही हलतं. मिक्सरच्या पात्यासारखं."

मी गॅरेजमध्ये गेले, सीटवर बसले आणि चाक न फिरवता नुसतं वर-खाली उचलून पाहिलं. खट्‌-खट्‌! मग डावीकडे-उजवीकडे ढकललं. तिथेही तेच. ही परीक्षा कोणालाही करता येते. चाक फिरवताना पुढची चाकं वळण्याआधी मोकळी जागा लागली, तर दोष खालच्या रॅकमध्ये किंवा सांध्यांमध्ये असू शकतो. पण अख्खा दांडाच नळीत डुलत असेल, तर संशय बुशावर. बाबांना हाक मारली. त्यांनी चाक हलवलं, मी खाली वाकून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. खालचे सांधे घट्ट होते, दांडा मात्र नळीत नाचत होता. बाबा एवढंच म्हणाले, "बुश संपलेत गं."

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं कामाला लागलो. हात माझे, डोकं त्यांचं. नवे बुश काही पौंडांतच मिळाले. आधी गाडीच्या बॅटरीची वायर काढली. पुढची चाकं सरळ ठेवली, किल्ली लावून स्टिअरिंगचं कुलूप उघडं ठेवलं. डॅशबोर्डखाली एक क्लॅम्प असतो, तो वरचा आणि खालचा दांडा जोडतो. जोराची टक्कर झाली तर दांडा तिथे आत सरकावा आणि चाक छातीत घुसू नये, अशी ती सोय. त्याचे बोल्ट आणि मधला अ‍ॅलन स्क्रू सैल केला आणि चाकासकट वरचा दांडा बाहेर ओढला. बाहेरच्या नळीत एक बुश वर, एक खाली. प्रत्येकाला दोन छोटे उंचवटे असतात आणि ते नळीच्या भोकांत अडकतात. स्क्रूड्रायव्हरने ते उंचवटे आत दाबले आणि वाकवलेल्या तारेने जुने बुश ओढून काढले. हातात आला तो रबराचा भुगा आणि झिजून पातळ झालेली कडी.

नव्या बुशांना रबराला चालणारं ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं, हे बाबांनी दोनदा बजावलं. बुश आत सरकवले, उंचवटे भोकांत 'टक्‌' करून बसले. दांडा घातला, क्लॅम्प आवळला. तो आवळताना बाबा माझ्या शेजारी खाली बसले आणि प्रत्येक बोल्टवर स्वतः पाना लावून पाहिला. म्हणाले, "इथे चूक म्हणजे माणूस." त्यानंतर सक्ती नसतानाही गाडी तपासणीला नेली, कारण स्टिअरिंगचं काम दुसऱ्या जाणत्या नजरेखालून गेलंच पाहिजे. आणि हो, आजकालच्या बहुतेक गाड्यांच्या चाकात एअरबॅग असते. तिथे घरी हात घालायचा नाही. तुमच्या गाडीचं चाक वर-खाली हलत असेल, तर सरळ मेकॅनिककडे न्या. वर-खाली हलवून बघायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

तपासणी झाली आणि रविवारी बाबा रिकाम्या रस्त्यावर गाडी घेऊन निघाले. मी शेजारी. गाडी दोरी आखल्यासारखी सरळ! चाक स्थिर होतं, पण त्यावरचे हात? दहा मिनिटांनी बाबांनी गाडी कडेला घेतली. हसून म्हणाले, "आता जे हलतंय ना, ते माझं. गाडीचा दोष नाही." किल्ली काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

यजमानांना वाटलं, शेवटी तेच झालं, मग एवढा खटाटोप कशाला? मला तसं वाटत नाही. झिजलेल्या बुशाचं खापर हातांवर फोडून किल्ली काढून घेणं वेगळं आणि आपलं आपण पारखून ती देणं वेगळं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ऐकू येत नाही, विसरायला होतं, पाय अडखळतो, असं आपण पटकन म्हणतो. कधी टीव्हीचा आवाजच फाटलेला असतो, कधी पायरीची फरशी उचकटलेली असते. आधी वस्तू हलवून बघावी, मग माणसाबद्दल बोलावं.

आता दर रविवारी स्पिटफायर मी चालवते. बाबा शेजारी बसून गिअर कधी टाकायचा ते सांगतात, आणि परत आल्यावर ताट चाटूनपुसून स्वच्छ असतं!