वस्त्रावरील देवता आणि वस्त्रामागील कला

संस्कृत भाषेत 'पट' या शब्दाला दोन अर्थ आहेत. पट म्हणजे विणलेले वस्त्र आणि पट म्हणजे चित्रही. प्राचीन काळी चित्र कापडावरच काढले जाई, म्हणून हे दोन अर्थ एका शब्दात सुखाने नांदले. ओरिसातील पटचित्र, नाथद्वाऱ्यास श्रीनाथजींच्या मूर्तीमागे लावली जाणारी पिछवाई, श्रीकाळहस्तीची कलमकारी, गुजरातेतील मातानी पछेडी ही सर्व या एका शब्दाची वंशावळ होय. आजचा 'चित्रपट' हा शब्दही त्याच कुळातला. तेव्हा कला, लोकरुची आणि पेहराव यांचे नाते काल-परवाचे आहे असे कोणी समजू नये.

नवरात्रात या नात्याचा विचार करणे विशेष उचित आहे. षोडशोपचारांत स्नानानंतर वस्त्राचा उपचार येतो. देवीला शालू नेसविल्यावाचून पूजेला पूर्णता येत नाही. तिरुपतीच्या देवस्थानाकडून कोल्हापूरच्या अंबाबाईस नवरात्रात शालू येतो, तेव्हा सारे शहर कौतुकाने पाहते. मात्र याच दिवसांत बाजारात देवीचे मुख छापलेले सदरे, 'ॐ' लिहिलेल्या ओढण्या आणि गणपतीच्या आकृतीच्या बंड्या विकावयास येतात. घरातील तरुण मुले त्या हौसेने घेतात आणि वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडतात. यांतील योग्य कोण? रागाने किंवा कौतुकाने उत्तर देण्यापूर्वी या प्रकरणाचा पूर्वेतिहास पाहणे बरे.

परदेशी कापड, स्वदेशी देव

देवादिकांच्या चित्राची छाप वस्त्राच्या व्यापारात प्रथम मोठ्या प्रमाणावर आली ती एकोणिसाव्या शतकात, आणि आली तीही मँचेस्टरहून. तेथील गिरण्यांचे कापड हिंदुस्थानात येई तेव्हा त्या ठाणांवर रंगीत छापील चित्रे चिकटविलेली असत. व्यापारी त्यांना तिकिटे म्हणत. लक्ष्मी, कृष्ण, हनुमान, हत्ती, वाघ असे नाना विषय त्यांवर असत. कारण उघड होते. गिऱ्हाइकाला इंग्रजी अक्षरे वाचता येत नव्हती, पण चित्र ओळखता येत होते. एकदा घेतलेले कापड टिकले तर तो पुढच्या खेपेस त्याच चित्राचे कापड मागे. म्हणजे चित्र हेच नाव आणि चित्र हीच हमी. आज ज्याला लेबल म्हणतात, त्याचा आत्मा या तिकिटात होता.

यातील विपर्यास मात्र ध्यानी घ्यावा. ज्या कापडाने येथील विणकराचा माग थांबविला, त्याच कापडावर येथल्या विणकराचे देव बसविले गेले. श्रद्धा आपली आणि नफा परका, असा हा व्यवहार होता. १९०५ नंतर स्वदेशीची चळवळ उभी राहिली, तेव्हा छाप पाहून नव्हे तर कापड कोठे विणले हे पाहून खरेदी करण्याची दृष्टी लोकांस लाभली. ती दृष्टी आजही उपयोगी पडणारी आहे.

चित्रकाराने नेसविलेली साडी

दुसरा टप्पा राजा रविवर्मा यांचा. १८४८ साली केरळात किळिमानूर येथे जन्मलेल्या या चित्रकारास बडोद्याचे महाराज सयाजीराव यांनी पुराणविषयांवर चौदा चित्रे काढण्याचे काम दिले. त्या वेळी प्रश्न उभा राहिला तो वस्त्रांचा. दमयंती, सीता, शकुंतला यांना नेसवावे काय? प्रांतोप्रांती पेहराव निराळा. रविवर्मा आपल्या बंधूंसह उत्तर हिंदुस्थानात हिंडले, निरनिराळे पेहराव पाहिले आणि अखेर त्यांनी साडीची निवड केली. त्यांच्या अनेक चित्रांत तर आपली नऊवारी नेसण दिसते. पुराणकाळच्या स्त्रिया नऊवारी नेसत असत असा पुरावा कोणी मागू नये. तो चित्रकाराचा निर्णय होता, आणि लोकांनी तो मनापासून स्वीकारला.

१८९४ साली त्यांनी मुंबईस शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे तो लोणावळ्यानजीक मळवली येथे गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. १९७२ साली आगीने तो नष्ट झाला. परंतु त्याआधीच तेथील लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरीच्या देवघरात जाऊन बसल्या होत्या. ज्यांना मंदिराच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता, त्यांच्या झोपडीतही देवीचे दर्शन या छापील चित्राने घडविले, हे त्याचे मोठे पुण्य मानले पाहिजे. स्त्रिया या चित्रांतील साडीवर खरी जर, टिकल्या व मणी शिवीत. म्हणजे चित्रातील देवीसही वस्त्र नेसविण्याची हौस! याच कारखान्यात काही काळ काम केलेले दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. पट हलू लागला तो असा.

रंगभूमीनेही हेच कार्य केले. बालगंधर्वांनी 'मानापमान' नाटकातील भामिनी किंवा 'स्वयंवर' नाटकातील रुक्मिणी उभी केली, तेव्हा त्यांचे शालू, पैठण्या, नेसण आणि केशरचना यांचे अनुकरण महाराष्ट्रातील सुविद्य घरांतून झाले. पुरुषाने नेसलेल्या साडीवरून कुलस्त्रियांनी नेसण शिकावी, यात त्या काळच्या समाजास काही वावगे वाटले नाही.

नव्या पेढ्या, नवी छाप

आजच्या स्वतंत्र वस्त्रपेढ्या याच परंपरेच्या नव्या फांद्या आहेत. गिरणीप्रमाणे लाखो वार कापड त्या काढीत नाहीत. एखादा कलावंत किंवा दोघे-चौघे मित्र एकत्र येतात, नक्षी स्वतः ठरवितात, थोडा माल करतात आणि आपल्या नावाने विकतात. २००८ साली संजय गर्ग यांनी 'रॉ मँगो' या नावाने चंदेरीच्या विणकरांबरोबर काम सुरू केले, ते या प्रकारचे ठळक उदाहरण होय. नावाचा अर्थ कैरी, आणि मराठी मनाला त्यावरून काठावरची कुयरी आठवल्यावाचून राहत नाही. अशा पेढीने विणकरास पुरेसा दाम दिला, त्याची कला जाणली, तर तिने माग जिवंत ठेवला असेच म्हणावे लागेल.

परंतु छापील बंड्यांचा व्यवहार निराळा आहे. तेथे कापड तयारच असते. ताणलेल्या जाळीतून एकेका रंगाचा थर त्यावर उमटवितात किंवा यंत्राने एकदम चित्र छापतात. कष्ट थोडे आणि विक्री चित्राच्या जोरावर. म्हणून चित्राच्या निवडीत विवेक सुटण्याचा संभव तेथेच अधिक. २०११ साली सिडनी येथील वस्त्रप्रदर्शनात 'लिसा ब्लू' या पेढीने पोहण्याच्या तोकड्या पोशाखावर लक्ष्मीचे चित्र छापले होते. जगभरच्या हिंदूंनी निषेध केला तेव्हा पेढीने क्षमा मागून तो माल थांबविला. हेतू दुष्ट नसेलही, पण ज्या प्रतिमेपुढे कोणी हात जोडतो ती केवळ नक्षी नव्हे, हे त्यांच्या ध्यानी आले नव्हते.

आपल्याकडील कायदाही या बाबतीत मूक नाही. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणे धार्मिक भावना दुखावण्याचा संभव असलेली मुद्रा नोंदविता येत नाही. २०१५ साली अगरबत्तीच्या एका वादात सर्वोच्च न्यायालयाने 'रामायण' हे ग्रंथनाव कोणा एकाच्या मालकीची मुद्रा होऊ शकत नाही असा निर्णय दिला. देव सर्वांचा आहे, म्हणून त्याचे नाव एकाच्या दुकानाचे नव्हे, इतका सरळ हा न्याय आहे.

कसोटी कोणती?

मग अंगावरील वस्त्रावर देवाचे नाव असूच नये काय? तसे म्हणता येत नाही. रामनामाची शाल किंवा उपरणे आपल्या पूर्वजांनी पांघरले आहे. जगन्नाथास अर्पण होणाऱ्या खंडुआ वस्त्रात 'गीतगोविंदा'तील पदे विणली जातात. बंगालच्या बालुचरी साडीच्या पदरावर रामायण-महाभारतातील प्रसंग असतात. पण या उदाहरणांतील मर्यादा पाहा. शाल खांद्यावर, पदर खांद्यावर किंवा मस्तकावर. पायाशी नाही, बसण्याखाली नाही. शिवाय असे वस्त्र जपून ठेवले जाई.

आजच्या बंडीचा शेवट काय होतो, हा खरा प्रश्न आहे. भिंतीवरील तसबीर जीर्ण झाली तर आपण ती आदराने विसर्जित करतो. बंडी मात्र विटली की तिचे पायपुसणे होते. म्हणून मुलांना रागावण्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत. हे चित्र शरीराच्या कोणत्या भागी आहे? आणि हे वस्त्र फाटल्यावर तू त्याचे काय करणार? ज्याला या दोहोंचे समाधानकारक उत्तर देता येते, त्याने ते खुशाल ल्यावे.

आपल्या पैठणीच्या विणकराने याहून सुंदर मार्ग काढला होता. त्याने पदरावर कमळ काढले, मोर काढला, पोपट काढला. कमळ पाहिले की लक्ष्मी आठवते, मोर पाहिला की सरस्वती आठवते. मुख न काढता स्मरण घडवावे, ही ती मर्यादा. नव्या पेढ्यांनी शंख, बेलपान, तुळस, दीपमाळ अशी चिन्हे घेतली तर कलाही साधेल आणि पावित्र्यही राहील. २०१० साली पैठणीस भौगोलिक ओळखीचे संरक्षण मिळाले, तरी नकली माल थांबलेला नाही. पदर उलटून पाहावा. हातमागाच्या खऱ्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच सुबक दिसते. छाप फसवील, पण धागा फसवीत नाही.

नऊ रंगांचे नवरात्र

जाता जाता नऊ रंगांविषयी. या शतकाच्या पहिल्या दशकात वृत्तपत्रांतून ही प्रथा पसरली. घटस्थापनेच्या वारावरून दर वर्षी रंगांचा क्रम ठरतो. कचेरीत, आगगाडीत शेकडो भगिनी एका रंगात दिसतात, त्या ऐक्याचा आनंद निर्मळ आहे. पण तो व्रताचा नियम नव्हे. रंग चुकला म्हणून दोष लागत नाही, आणि नऊ साड्या घेण्याची ऐपत नाही म्हणून कोणा माउलीने खिन्न होऊ नये, कोणी तिला हिणवूही नये.

संत नामदेव शिंपी होते आणि कबीर विणकर होते. वस्त्र विणणारे आणि शिवणारे हात भगवंतास किती प्रिय आहेत, हे आपला संप्रदाय जाणतो. यंदा विजयादशमीस नवे वस्त्र घ्याल तेव्हा त्यावरील छाप पाहण्यापूर्वी त्यामागील हात आठवावेत. त्या हातांना योग्य दाम मिळाला, तर जगदंबेस वस्त्राचा उपचार पावला असे समजावे.