नागोयाला जायचंय कुणाला?

सुबत्ता आहे, शिस्त आहे, पाहुणे मात्र फिरकत नाहीत. जपानमधल्या एका कर्तबगार शहराचं दुखणं.

मार्च १९९२ मध्ये जपानच्या तोकाइदो मार्गावर ‘नोझोमी’ ही नवी वेगवान शिंकान्सेन धावू लागली. टोकियोहून सुटणारी पहाटेची पहिली गाडी अडीच तासांत ओसाकाला पोहोचवायची होती. त्यासाठी वाटेतले दोन थांबे गाळले गेले, नागोया आणि क्योतो. दिवसभरातली ती एकच गाडी, तरी नागोयात गहजब झाला. क्योतोला गाडी थांबली नाही म्हणून क्योतोचं महत्त्व कमी होत नव्हतं. नागोयाला मात्र आपल्याला कुणी मोजत नाही ही मनातली भीतीच वेळापत्रकात छापून आल्यासारखी वाटली. पुढे १९९७ मध्ये तो प्रकार बंद झाला, पण सल राहिली.

खरं तर या शहराला कुणी कमी लेखावं असं काही नाही. लोकवस्ती सुमारे तेवीस लाख. नागोया ज्या आयची प्रांताची राजधानी आहे, तो कारखानदारीच्या उत्पादनात १९७७ पासून देशात पहिला. टोयोटाचं मुख्यालय याच प्रांतात. मालाच्या उलाढालीत नागोया बंदर जपानमध्ये अव्वल. तरीही २०१६ मध्ये खुद्द नागोया महापालिकेने देशातल्या आठ मोठ्या शहरांची पाहणी केली, तेव्हा ‘भेट द्यावीशी वाटते का?’ या प्रश्नाच्या निर्देशांकात क्योतोला ३७.६ गुण मिळाले आणि नागोयाला १.४. २०१८ च्या पाहणीतही नागोया तळालाच राहिलं.

असं का व्हावं? एक कारण भूगोलाचं. टोकियोहून शिंकान्सेनने साधारण पावणेदोन तासांत नागोया येतं आणि पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात क्योतो. इथे उतरायचं तर तसंच काही कारण हवं.

दुसरं कारण इतिहासाचं. लढाऊ विमानांच्या कारखान्यांमुळे दुसऱ्या महायुद्धात नागोयावर बॉम्बचा वर्षाव झाला. मे १९४५ मध्ये किल्ल्याचा मुख्य बुरूजही जळाला. युद्धानंतर नगररचनाकारांनी धाडसी आराखडा आखला. शंभर मीटर रुंदीचे दोन रस्ते काढले. शहरात विखुरलेल्या अडीचशेहून अधिक बौद्ध मंदिरांची दफनभूमी हलवून पूर्वेकडच्या एका विस्तीर्ण उद्यानात एकत्र आणली. पूर्वजांच्या कबरी हलवायला माणसांना राजी करणं सोपं नव्हतं, पण ते झालं. वाहतूक सुरळीत झाली, शहर मोकळं झालं. मात्र पर्यटक ज्यांच्यासाठी कॅमेरा घेऊन फिरतात, त्या वाकड्यातिकड्या जुन्या गल्ल्या या आखणीत बसल्या नाहीत. नागोयाचं ‘नीरस’पण बरंचसं या चोख कामाची किंमत आहे.

प्रतिमा सुधारायचे उपाय झालेच. २०१७ मध्ये लेगोलँड हे मनोरंजन उद्यान आलं. किल्ल्याचा १९५९ साली काँक्रीटमध्ये उभारलेला बुरूज पाडून तो मूळ पद्धतीने लाकडात बांधायचं ठरलं. २०१८ पासून बुरुजात प्रवेश बंद आहे. अपंगांसाठी लिफ्ट असावी की नसावी, यावर वाद रंगला आणि काम रेंगाळलं. त्या मानाने २०२२ मध्ये शेजारच्या नागाकुतेत, २००५ च्या जागतिक प्रदर्शनाच्या जागेवर, असलेली झाडी सांभाळून उभं राहिलेलं, जिब्ली स्टुडिओच्या अ‍ॅनिमेशनपटांवरचं ‘जिब्ली पार्क’ लोकांनी उचलून धरलं.

पण नागोयाची खरी गंमत बाहेरून दिसत नाही. सकाळी इथल्या एखाद्या कॉफीच्या दुकानात बसा. पैसे फक्त कॉफीचे. सोबत जाड टोस्ट आणि उकडलेलं अंडं येतं. टोस्टवर लोणी आणि अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड पुरण. बाजूच्या टेबलावर म्हातारी मंडळी पेपर उघडून निवांत बसलेली. टोयोटाच्या जुन्या कापडगिरणीच्या लाल विटांच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. तिथे टोयोटा उद्योगसमूहाचे जनक साकिची टोयोदा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग चालवून दाखवतात. धागा तुटला की माग आपोआप थांबतो. चूक झाली की काम तिथल्या तिथे थांबवायचं, हे टोयोटाच्या कारखान्यांचं सूत्र या मागातूनच आलं.

मग पर्यटक आले नाहीत तर बिघडलं कुठे? टोकियोपेक्षा घरं स्वस्त, रस्ते रुंद, नोकऱ्या भरपूर. राहणाऱ्याला आणखी काय हवं? गोम अशी की राहणारेही टिकत नाहीत. आयचीतून टोकियोकडे जाणाऱ्या तरुणांची, विशेषतः तरुणींची, चिंता तिथल्या प्रशासनाला आहे. कारखान्यांच्या मुलखात आपल्याजोगं काम मिळेल का, हा त्यांचा प्रश्न लेगोलँडने सुटणारा नाही. पाहणीत दुसऱ्या शहरांच्या लोकांनी दिलेल्या गुणांवर बरीच चर्चा झाली. त्यापेक्षा शहर सोडून जाणाऱ्या पंचविशीतल्या मुलीचं म्हणणं नागोयाने नीट ऐकून घेतलं, तर प्रतिमेच्या मोहिमेवरचा खर्च पुष्कळ वाचेल.