विश्लेषण : मधुमेहासाठी तपासलेला रेणू प्रतिजैविक कसा ठरला?

अतिदक्षता विभागात ‘ॲसिनेटोबॅक्टर बाउमानी’ या जिवाणूची धास्ती असते. त्याच्या काही प्रकारांवर हाताशी असलेली प्रतिजैविके चालतच नाहीत. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी नव्या प्रतिजैविकाचा शोध मशीन लर्निंगवर सोपवला. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

यंत्र काय शिकले?

सुमारे २,३०० रेणूंपैकी कोणते ‘ई. कोलाय’ जिवाणूची वाढ रोखतात, हे आधी प्रयोगशाळेत पाहिले गेले. रेणूची रचना आणि हा निकाल यांतील संबंध यंत्राने हुडकला. मग त्याच्यापुढे सुमारे ६,००० रेणू ठेवले. त्याने निवडलेल्या ९९ रेणूंची प्रत्यक्ष चाचणी झाली. ५१ कामाचे निघाले. त्यातलाच एक ‘हॅलिसिन’, पूर्वी मधुमेहासाठी तपासलेला. नाव ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ चित्रपटातील ‘हॅल’ संगणकावरून!

वेगळेपण कशात?

त्याची रचना प्रचलित प्रतिजैविकांसारखी नाही. माणसाने तो बहुधा निवडलाच नसता. तो जिवाणूच्या पेशीपटलावरील विद्युतभाराचा समतोल बिघडवतो, त्यामुळे पेशीची ऊर्जानिर्मिती कोलमडते. सर्व ज्ञात प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टरचा उंदरांच्या त्वचेवरील संसर्ग हॅलिसिनच्या मलमाने २४ तासांत गेला. ‘स्यूडोमोनास’ जिवाणूपुढे मात्र त्याची मात्रा चालली नाही.